किड्यांचं ऐकणारं इंदूर

इंदूरच्या जुन्या मराठी घरांमध्ये मुंग्यांशी बोलायची एक रीत होती. ओट्यावर रांग लागली, की घरातली मोठी बाई हळदीची चिमूट त्या रांगेवर आडवी सोडायची आणि म्हणायची, "बायांनो, इथून नका येऊ, मागच्या दारानं जा." आवाजात राग नसायचा. शेजारणीला सांगावं तसं सांगणं. मग मागच्या दारी तुळशीच्या कट्ट्यालगत चिमूटभर पीठ आणि साखर पडायची. आपणच ज्यांना वाट बदलायला लावली, त्यांना त्या वाटेवर काहीतरी मिळायला नको का? आमच्या रामबागेतल्या घरी पावसाळ्याच्या तोंडावर आजीचा हा कार्यक्रम हमखास चालायचा आणि आम्हा मुलांना त्यात काही विशेष वाटायचं नाही.

माझी भाची बेंगळुरूला असते. संगणकातली नोकरी, रोज सकाळी ध्यान, आणि घरात झुरळ दिसलं की किंकाळी. तिनं मध्यंतरी फोनवर विचारलं, "मावशी, डोळे मिटून, मन शांत करून किड्यामुंग्यांना मनातल्या मनात निरोप पाठवायचा, असं शिकवणारे वर्ग निघालेत. खरंच पोचतो का गं तो निरोप?" प्रश्न थट्टेचा नव्हता. तिला सावकाश उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसले आणि लक्षात आलं, की या प्रश्नाचं निम्मं उत्तर आमच्या इंदूरमध्ये आणि इंदूरच्या आसपासच पडलेलं आहे. तेव्हा मंडळी, यंदा सुट्टीत इंदूरला याल तेव्हा सराफा आणि छप्पन दुकान जरूर करा, पोह्यांवर जीरावन भुरभुरून खा, पण त्यातले दोन दिवस मला द्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपला निरोप किड्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की त्याचा निरोप आपल्यापर्यंत पोचतो का? कारण तो अखंड पाठवत असतो.

याबाबतीत चार्ल्स डार्विनची एक गोष्ट मला फार आवडते. आयुष्याच्या अखेरीस त्यानं गांडुळांवर एक पुस्तक लिहिलं, ते १८८१ साली निघालं. त्यासाठी त्यानं घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती. त्यांना ऐकू येतं का, हे बघायला मुलानं त्यांच्यापुढे बसून नावाचं मोठं फुंकवाद्य वाजवलं. कोणी जोरात शिट्टी फुंकली, कोणी ओरडून पाहिलं. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवर ठेवून एक स्वर वाजवला आणि गांडुळं झटकन बिळात शिरली. म्हणजे कान नाहीत, पण हादरा अंगभर कळतो. एवढा मोठा शास्त्रज्ञ, एवढं मोठं कुटुंब, सगळे गांडुळांशी बोलायला बसलेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा! त्यांना जे कळलं ते असं, की बोलायचं तर त्याच्या भाषेत, आणि ती भाषा कोणती हे आधी शोधायचं.

मुंगीची भाषा वासाची. खाणं सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर वासाची रेघ ओढत येते, बाकीच्या ती रेघ हुंगत जातात. आजीनं काय म्हटलं ते मुंग्यांना कळलं नसेल, पण हळदीनं रेघ मोडली हे नक्की कळलं. मधमाशीची भाषा नाचाची. फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब, हे ती पोळ्यावर नाचून सांगते. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

मग आजीचं ते "बायांनो" फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. ते मुंग्यांसाठी नव्हतंच. ज्या तोंडानं "बायांनो" म्हटलं, त्याच हातानं रांगेवर उकळतं पाणी ओतता येत नाही. श्राद्धाच्या दिवशी गाय, कुत्रा, कावळा यांच्याबरोबर मुंग्यांचंही पान काढायचं, नागपंचमीला माती खणायची नाही, जेवायला बसताना चित्राहुती घालायच्या (त्या शेवटी मुंग्यांच्याच वाट्याला जातात), या सगळ्यात हात आवरण्याचं शिक्षण आहे. ज्ञानदेवांनी पसायदानात सगळ्या जिवांची एकमेकांशी मैत्री मागितली. मैत्री म्हणजे काय, तर दुसऱ्याची अडचण विचारून वागणं. हे नुसतं मनात होत नाही. जमीन, पाणी, दाणे यांचा हिशेब लावावा लागतो. तो हिशेब लावलेली पहिली जागा महेश्वर.

इंदूरहून महेश्वर साधारण नव्वद किलोमीटर. महूवरून मानपूरचा घाट उतरला की माळव्याचं पठार संपतं, हवा बदलते आणि धामनोदहून पुढे नर्मदा. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ मध्ये डोळे मिटेपर्यंत राज्यकारभार पाहिला तो इथून. तिथले घाट, वाडा, महेश्वरी साड्या यांवर पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात भर घालत नाही. मला सांगायचीय ती जॉन माल्कमनं लिहून ठेवलेली एक गोष्ट. हा इंग्रज अधिकारी १८१८ च्या सुमारास माळव्यात आला. होळकरांचा पराभव करणाऱ्यांच्या बाजूचा माणूस, त्यामुळे बाईंचं कौतुक करायची त्याला काही गरज नव्हती. बाई जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. त्यांना विचारून विचारून त्यानं जी माहिती जमवली, ती त्याच्या १८२३ सालच्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात आहे.

तो सांगतो, की महेश्वरच्या आसपास उन्हाळ्यात नांगर धरलेल्या शेतकऱ्याला मध्येच थांबवलं जाई. थांबवणारा बाईंचा नोकर असे आणि तो जोताच्या बैलांना पाणी पाजायला आलेला असे. नदीतल्या माशांनाही बाईंच्या दयेचा वाटा मिळत होता. पण खरी गोष्ट पाखरांची आहे. उभ्या पिकावर थवे उतरत, शेतकरी त्यांना हाकलत. बाई काय म्हणाल्या? शेतकऱ्यानं पाखरं हाकलली ते बरोबरच आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि मग त्यांनी काही उभी शेतं स्वतः विकत घेतली आणि पाखरांना मोकळी सोडली.

या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते "बरोबरच आहे" हे म्हणणं. दुसऱ्या कुणी शेतकऱ्याला भूतदयेवर प्रवचन दिलं असतं, किंवा सत्ता हातात आहे म्हणून पाखरं हाकलायला बंदी केली असती. बाईंनी दोघांचं ऐकलं. पाखरांना भूक आहे, शेतकऱ्यालाही आहे, तेव्हा मधली किंमत आपण मोजायची. महेश्वरच्या घाटावर आजही लोक माशांना कणकेच्या गोळ्या आणि फुटाणे घालतात, तुम्हीही घाला. पण मुलांना त्या शेतांची गोष्ट सांगा.

आता परत इंदूर. शहराच्या पूर्वेकडे, पिपल्याहानाच्या बाजूला कृषी महाविद्यालय आहे. बाहेरून बघितलं तर कुठल्याही सरकारी कॉलेजसारखं. फाटक, झाडं, सायकलींवरून जाणारी मुलं. रिक्षावाल्याला "कृषि कॉलेज" सांगितलं की तो पोचवतो, पण इथे काय घडलं हे विचाराल तर तो तुम्हालाच विचारेल. जगात जिथे जिथे सेंद्रिय शेतीची गोष्ट निघते, तिथे 'इंदूर' हे नाव निघतं ते या जागेमुळे. इंग्लंड-अमेरिकेतल्या ज्या लोकांना राजवाडा माहीत नाही, सराफा माहीत नाही, त्यांना 'इंदूर पद्धतीचं खत' माहीत असतं!

१९२४ साली इथे होळकर दरबारानं भाडेपट्ट्यानं दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री नावाची संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला, बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन केंद्रात. त्या काळात अशा केंद्रात किडीचा तज्ज्ञ वेगळा, बुरशीचा वेगळा, मातीचा वेगळा. पिकावर कीड आली की ती बाटलीत भरायची, नाव द्यायचं, मारायचं औषध शोधायचं. हॉवर्डनं ठरवलं, की आपण औषध मारायचंच नाही. इथला शेतकरी काय करतो ते बघायचं आणि कीड काय करते ते बघायचं. आपले खरे प्राध्यापक हे दोघे, असं तो पुढे म्हणत असे.

आणि किडीनं त्याला काय शिकवलं? की ती वाट्टेल तिथे जात नाही. एकाच बांधाच्या अलीकडे पीक किडीनं भरलेलं आणि पलीकडे स्वच्छ, असं का? जिथे माती उपाशी आहे, पाणी तुंबलंय, मुळांना हवा नाही, किंवा त्या जमिनीला न मानवणारं वाण लावलंय, तिथे ती आधी जाते. कीड म्हणजे निसर्गानं नेमलेला तपासनीस, असं हॉवर्डचं म्हणणं होतं. तपासनिसाला मारून काय होणार? त्यानं शेरा काय मारलाय ते वाचायला पाहिजे.

त्याच्या बैलांचीही एक गोष्ट आहे. पुशाला त्यानं हट्टानं स्वतःचे बैल ठेवले आणि आपल्या कसदार जमिनीतला चारा त्यांना घातला. कुंपणापलीकडच्या सरकारी गोठ्यात लाळ-खुरकुताची साथ आली तेव्हा कुंपणावरून नाकाला नाक घासूनही त्याच्या बैलांना काही झालं नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. आज कुणी पशुवैद्य एवढ्यावर लस बंद करा म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. किडीबद्दलचं त्याचं म्हणणंही जसंच्या तसं सगळीकडे लागू होत नाही. माळव्यातल्या कुठल्याही सोयाबीनवाल्याला विचारा, पांढरी माशी पिवळा रोग घेऊन आली की चांगल्या खतावलेल्या शेतातही शिरते. पण प्रश्न विचारायची दिशा हॉवर्डनं बदलली. "हिला कसं मारू?" या जागी "ही इथेच का आली?" हा प्रश्न आला. माझ्या भाचीच्या ध्यानवर्गात जे शिकवतात, त्याची ही शेतकरी आवृत्ती म्हणा हवी तर.

इंदूरला त्यानं हे सगळं एका खड्ड्यात उतरवलं. कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पाला असा शेतातला सगळा काडीकचरा गोळा करायचा. पऱ्हाटी टणक, लवकर कुजत नाही, म्हणून ती आधी रस्त्यावर अंथरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायची. (हा भाग मला फार आवडतो. यंत्र नाही, खर्च नाही, गाड्या तर जाणारच आहेत.) मग हे बैलांखाली अंथरायचं, शेण-मूत मुरू द्यायचं, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख मिसळायची आणि उथळ खड्ड्यात थरावर थर सैल भरायचे, पाणी शिंपडायचं. थोड्याच दिवसांत ढीग तापतो, हात घालवत नाही. सुमारे सोळा दिवसांनी पहिली चाळवण, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. आधी पांढऱ्या बुरशीचं जाळं येतं, मग जिवाणूंची पाळी. तीन महिन्यांत काळंभोर, मातीचा वास येणारं खत तयार. माणसाचं काम एवढंच, की त्या अदृश्य मजुरांना अन्न, हवा आणि पाणी वेळेवर पोचवायचं आणि बाजूला व्हायचं.

या कामात एक मराठी नावही आहे, ते आपल्या मुलांना माहीत असावं. १९३१ साली या पद्धतीवरचं पहिलं पुस्तक निघालं, त्यावर दोन लेखकांची नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड या संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहत. हॉवर्डच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, सगळ्या संशोधनात बरोबरीच्या भागीदार. त्या १९३० मध्ये वारल्या आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. तिथे १९४० साली त्यांनी लिहिलेला शेतीवरचा ग्रंथ वाचून इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली. इकडे १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही हे खत पाहिलं आणि 'हरिजन'मधून त्याबद्दल लिहिलं. वाडांचं नाव मात्र इंदूरच्या मराठी समारंभांतून मी फारसं ऐकलेलं नाही. आपण नाटककार, गायक, क्रिकेटपटू यांच्या तसबिरी लावतो. खताची तसबीर कोण लावणार!

आता आजच्या इंदूरकडे या. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणारं हे शहर. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजतं आणि ओला-सुका वेगळा करून आम्ही सगळे बादल्या घेऊन दारात उभे. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, दिवसाला साडेपाचशे टन कचरा पेलण्याच्या क्षमतेचा. याचा मला मनापासून अभिमान आहे. पण स्वच्छ म्हणजे काय, यात थोडा घोटाळा झालाय. कचरा नको, बरोबर. हळूहळू पालाही नको झाला. मग मातीही नको, सगळीकडे सिमेंटचे ठोकळे. मग किडा दिसला की नगरसेवकाला फोन.

आमच्या कॉलनीत दोन वर्षांपूर्वी बैठक झाली. बागेत दर महिन्याला कीटकनाशक फवारायचं, असा ठराव होता. मी विरोधात बोलायला उठणार, तेवढ्यात समोरच्या घरातली तरुण आई उठली. तिचा सहा वर्षांचा मुलगा डेंग्यूनं आठवडाभर दवाखान्यात होता. ती म्हणाली, "काकू, तुमची फुलपाखरं मला मान्य आहेत, पण माझं पोर?" सगळे गप्प. फुलपाखरांच्या बाजूनं बोलणाऱ्याला याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते भावनेनं देता येत नाही.

मला तेव्हा महेश्वरची शेतं आठवली. आधी तिला म्हटलं, तुझं बरोबरच आहे. मग विचारलं, डेंग्यूचा डास कुठे वाढतो? तो बागेतल्या गवतात जन्मत नाही, आपल्या कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरमध्ये साठलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे दर आठवड्याला पाणी ओतून, घासून, कोरडं केलं तर तो होतच नाही. उलट नुसत्या फवाऱ्यानं उडणारे मरतात आणि कूलरमधल्या अळ्या सुखरूप राहतात. बरीच वादावादी झाली. शेवटी सौदा ठरला. दर रविवारी सकाळी दहा वाजता कॉलनीतला प्रत्येक कूलर, प्रत्येक ताटली रिकामी करायची, मुलांची टोळी घरोघर जाऊन तपासणार. त्या बदल्यात बागेच्या मागच्या भिंतीलगत दहा फूट रुंद, तीसेक फूट लांब पट्टा, तिथे फवारा नाही, झाडू नाही, ठोकळे नाहीत. तपासणाऱ्या टोळीचा म्होरक्या कोण, तर तोच सहा वर्षांचा पोरगा. एका रविवारी त्यानं माझ्याच गच्चीवरच्या ताटलीत अळ्या शोधून काढल्या आणि मला दहा रुपये दंड केला.

त्या पट्ट्यात आम्ही काही लावलं नाही. रुई, तरोटा, घाणेरी आपोआप आली. रुईवर वाघ्या फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, तरोट्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. ज्यांना जवळून बघायला किळस वाटते अशांना मी एकच सांगते, पाच मिनिटं बसा आणि तो किडा काय खातोय, कुठून येतोय, एवढंच बघा. पाच मिनिटांनी किळस बरीच उतरलेली असते. याला ध्यान म्हणायचं की निरीक्षण, ते तुम्ही ठरवा.

आणि ज्यांच्याकडे पट्टाही नाही, फक्त फ्लॅटची बाल्कनी आहे, त्यांनी ओल्या कचऱ्याची एक बादली ठेवावी. हॉवर्ड-वाडांचा खड्डा छोट्या आकारात. तिथे संभाषण लगेच सुरू होतं. बादलीत मुंग्या झाल्या? त्या सांगतायत की आत कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. जाड पांढुरक्या अळ्या वळवळतायत? ओल जास्त झाली, वाळका पाला किंवा कागदाचे तुकडे घाला. कुबट वास येतोय? हवा मिळत नाही, चाळवा. गांडुळं काठावर येऊन पळू बघतायत? आत तापलंय किंवा आंबट झालंय. भाचीनं बेंगळुरूला अशी बादली ठेवलीय. तिचे फोन आता झुरळाच्या किंकाळीचे नसतात, "मावशी, आज मुंग्या म्हणतायत..." असे असतात.

वेळ असेल तर एक सकाळ सिरपूर तलावावर घालवा. होळकरांच्या काळातला हा तलाव शहराच्या पश्चिमेला धार रस्त्यावर. एके काळी त्याची जमीन आणि पाणी दोन्ही संपायला आले होते. भालू मोंढे हे आपल्या इंदूरचे छायाचित्रकार, २०१६ चे पद्मश्री. त्यांनी आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं इथे ठाण मांडलं, अतिक्रमणाविरुद्ध झगडले, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत आले आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूरला पाणथळ-शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हिवाळ्यात लोक पक्षी बघायला येतात. मी म्हणते, पावसाळा संपताना या आणि चतुर बघा. काठावरच्या प्रत्येक काडीवर एकेक बसलेला असतो, आणि याचं खाणं काय? डास! चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, मोठे चतुर हवेत डास टिपतात. आमच्या कॉलनीतल्या त्या आईला मी मुलासकट इथे आणलं होतं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे आपल्या बागेत येत नाहीत का?" येतात, पाणी असेल तर. आणि पाणी असेल तर डासही येतात. यावर आमची चर्चा अजून चालू आहे.

कृषी महाविद्यालयाची जमीन हा आजचा जिवंत प्रश्न आहे. शहर वाढत वाढत तिच्या चारी बाजूंनी पुढे गेलंय आणि आता मधला हा हिरवा तुकडा अनेकांच्या डोळ्यांत भरतो. २०२२ मध्ये ही जमीन दुसऱ्या कामासाठी घ्यायचा बेत आहे असं कळल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं होतं. विकासाला माझा विरोध नाही. पण जिथे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी किडीला प्राध्यापक मानून वर्गात बसला, ती काळी माती एकदा सिमेंटखाली गेली की परत खणून काढता येत नाही. इंदूरकर असाल तर तिथे जाऊन या, मुलांना न्या, ही जागा कशाची आहे हे त्यांना माहीत असू द्या.

जायचंच तर जूनमध्ये जा. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की त्या मातीतून लाल मखमलीचे ठिपके वर येतात. हिंदीत बीरबहूटी, आपल्याकडे मृगाचा किडा. खरं तर तो कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्या गोतातला. वाळवी हे त्याचं आवडतं खाणं, आणि वाळवीलाही पंख फुटून ती त्याच पावसात बाहेर पडते. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो. आमच्या कॉलनीत ठोकळे बसल्यापासून मी एकही पाहिलेला नाही, मागच्या पट्ट्यातही अजून आलेला नाही. शेताच्या, मोकळ्या मातीच्या कडेला मात्र दिसतो. पहिल्या पावसानंतरच्या सकाळी, ऊन चढायच्या आत जायचं, बोटानं स्पर्श केला तर तो पाय आखडून निपचित पडतो, थोडं थांबलं की परत चालू लागतो. दहा-अकरा वाजले की तो परत मातीत जातो.